बैठकीतली रिकामी खुर्ची

"सर, त्या बाईंना बैठकीतून कधी काढणार आहात?"

अभिरामने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. दारातूनच त्याने विचारलं.

मुजावर सर पेरू चिरत होते. "आत ये की आधी," ते म्हणाले.

हे सर मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'बैठक'. कोल्हापूरपासून नांदेडपर्यंतची परीक्षेला बसणारी मंडळी तिथे एकत्र अभ्यास करतात. एकत्र म्हणजे आपापल्या घरी.

आज काय वाचणार ते प्रत्येकाने आधी लिहायचं. मग व्हिडिओ कॉल लावून मोबाइल असा ठेवायचा की पुस्तक, हात आणि खुर्ची दिसेल, चेहरा नाही. सर पितळी घंटा वाजवतात. पुन्हा घंटा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही की ग्रुपवर लिहायचं नाही. त्यानंतर मात्र चहा घेत वाट्टेल तेवढी टवाळी चालते.

अभिराम सांगलीचा. सरांचा जुना विद्यार्थी, राज्यसेवेची तयारी करणारा आणि बैठकीचा स्वयंघोषित हवालदार. घंटेआधी हजर, घंटेनंतरही जागेवर. त्याच्याइतका वेळ दुसरं कुणी बसत नसे, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. तरी पोरगा मनाचा चांगला. सरांचा त्याच्यावर जीव होता.

त्याची तक्रार कराडच्या शर्मिष्ठा इंगवले यांच्याबद्दल होती. त्या शिक्षक भरतीची परीक्षा देणार होत्या, पण घरात तान्हं मूल. चार ओळी वाचतात न वाचतात तोच मूल उठायचं. मग पडद्यावरच्या त्यांच्या चौकटीत उरायचं उघडं पुस्तक, रिकामी खुर्ची आणि कडेला हलणारी झोळी.

एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, असं अभिरामचं म्हणणं. ती रिकामी खुर्ची बघून दुसऱ्याचंही मन उडतं. त्याची परीक्षा तोंडावर आली होती. वयाच्या अटीमुळे हा प्रयत्न शेवटचा होता आणि तो पुरता धास्तावला होता.

"एक तर त्या राहतील, नाही तर मी," तो म्हणाला.

सरांनी पेरूच्या फोडीला मीठ लावून ती त्याच्यापुढे धरली.

"खुर्ची रिकामी असते हे तुला कसं कळलं?"

"दिसतं ना, सर."

"कधी दिसतं?"

"बैठक चालू असताना..."

अभिरामने पेरूची फोड तोंडात टाकली. सरांनी दुसरा पेरू चिरायला घेतला.

दुपारच्या बैठकीची वेळ झाली. सरांनी लॅपटॉप उघडला, घंटा वाजवली आणि आपला माइक बंद केला. अभिराम त्यांच्या शेजारीच बसला होता, म्हणून आज त्याची स्वतःची चौकट तेवढी उघडली नाही.

पडद्यावर हात दिसू लागले. कुणाचे शाईने माखलेले, कुणाच्या बोटांत जपमाळेसारखा फिरणारा पेन. एकीच्या वहीवर मांजर येऊन बसलं होतं आणि ती त्याच्या शेपटीखालून लिहीत होती. शर्मिष्ठाताईंचे हात आले, त्यांनी पान उघडलं आणि थोड्याच वेळात ते गेले. झोळी हलू लागली.

"बघा," अभिराम हळूच म्हणाला.

सर बघतच होते.

बऱ्याच वेळाने ते हात परत आले. पण पुस्तकाकडे वळले नाहीत. ते मोबाइलजवळ आले, आणि पडद्याच्या कडेला अक्षरं उमटली. बैठक चालू असताना ग्रुपवर लिहायचं नाही, हा तिथला सगळ्यात कडक नियम. तो अभिरामनेच सरांच्या मागे लागून करून घेतला होता.

'अभिराम आज दिसत नाहीत. बरे आहेत ना?'

अभिराम त्या ओळीकडे बघत राहिला. त्या बाईंशी तो एकदाच बोलला होता, तेही ताकीद द्यायला.

"मी नाहीये हे त्यांना कसं कळलं?"

"बघत असतील," सर म्हणाले. "तुझ्यासारख्याच. बैठक चालू असताना."

"बरेच दिवस झाले, त्या मला विचारतायत," सर सावकाश म्हणाले. "'त्या मुलाचं पान उलटत नाही, सर. हात नुसते पुस्तकावर ठेवलेले असतात. त्याला काही झालंय का?'"

अभिरामचा चेहरा उतरला.

मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. मागच्या निकालात नाव नव्हतं, त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक ओळ शिरत नव्हती. जागेवरून उठलं की आई विचारणार, किती झालं रे, म्हणून तो उठतच नसे. पुस्तक उघडं ठेवायचा आणि दुसऱ्यांच्या चौकटी बघत बसायचा. कुणाचं चुकतंय ते दिसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि सांगताना तो रडला.

सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्हालाही दिसत होतं, सर?"

"दिसत होतं."

पडद्यावर पुन्हा खुर्ची रिकामी होती. झोळी हलत होती. त्या प्रश्नाखाली अजून कुणी उत्तर लिहिलं नव्हतं.

"मग मला का नाही काढलंत?"

सरांनी लॅपटॉप त्याच्या पुढ्यात सरकवला.

"तुला काढा म्हणून सांगायला अजून कुणी आलं नाही."