पोथीने मारलेली राजकन्या

एका राज्यात राजापेक्षा एका पोथीचा मान मोठा होता. भृंगनाथ नावाच्या मांत्रिकाने ती राजाच्या खापरपणजोबांच्या काळी लिहिली. पुढे काय काय घडणार ते सारे तिच्यात होते, आणि शेवटी शाप होता: यातले भाकीत चुकले, तर गादीवरचा राजा पायांपासून दगड होत जाईल. पिढ्यानपिढ्या भाकिते खरी ठरत गेली. राजे निवांत झोपत राहिले.

पुढे चंडकेतू गादीवर आला. त्याला एकच कन्या, शाल्मली. पोथीत लिहिले होते, राजकन्या सतराव्या वर्षी नागपंचमीला सर्पदंशाने मरेल. नागपंचमी उजाडली. साप आला, तिच्या पावलावरून सळसळत गेला आणि मोरीतून निघून गेला. तिकडे भरसभेत राजाची पावले दगडाची झाली.

प्रधान विरूपाक्ष राजाच्या कानाशी लागला. "महाराज, दिवस अजून मावळला नाही. भाकीत खरे करता येईल." त्याचा हात कट्यारीवर होता.

राजाला ते उमगले. तो म्हणाला, "हात खाली घे. ती मेलीच आहे. दवंडी पिटा."

गवताची बाहुली सरणावर ठेवली, राजाने अग्नी दिला. शाप तेवढ्याने फिटला नाही, पण थबकला; दगड गुडघ्यांशी थांबला. त्या दिवसापासून शाल्मलीशी कोणी बोलेना. दासी तिला पाहून नजर वळवत. तिच्या वाटणीला पान येई ते छपरावर ठेवलेले, कावळ्यांसाठी. आणि बाप समोर आला, की डोळे मिटून घेई.

पोथीचे पुढचे भाकीत होते, माघी पौर्णिमेला तळ्याचा बांध फुटेल आणि खालपेठ माणसांसह बुडेल. माघ लागला. बांध तर हत्तीच्या पाठीसारखा मजबूत!

"फुटत नसेल तर फोडावा लागेल," विरूपाक्ष म्हणाला. "आणि पेठेच्या वेशी बंद ठेवाव्या लागतील. पोथीत 'माणसांसह' असे आहे."

राजाने दगडी गुडघ्यांकडे पाहिले, आणि होकाराची मान हलवली. कुदळी वाटल्या गेल्या.

शाल्मली सभेत शिरली. "बाबा! तिथे लेकरे आहेत!" ती ओरडली. एकाही दरबाऱ्याने मान वळवली नाही. राजाचे डोळे मिटलेलेच होते.

ती तडक स्मशानात गेली आणि आपल्याच सरणाची राख तिने लाथेने उधळली. शेजारच्या उंबरावर एक धनेश पक्षी बसला होता. त्याने विचारले, "बाई, राखेवर राग का?"

"ही राख माझी आहे. मी मेले आहे. पोथीत माझ्या मरणापुढे माझ्याविषयी एक अक्षरही नाही."

"मग या राज्यात तुझ्याइतके मोकळे कोणी नाही," धनेश म्हणाला. "उद्या तू काय करशील ते पोथीला ठाऊक नाही. भृंगनाथ अजून जिवंत आहे. येतेस?"

"चल."

काळ्या कड्यावर भृंगनाथ बसला होता. त्याची दाढी खडकात रुजली होती. शाल्मली म्हणाली, "मांत्रिका, तुझी पोथी खोटी आहे. शाप मागे घे."

भृंगनाथाचे डोळे पेटले. "माझी पोथी सांगते, नागराजाचा मणी मागणारा भस्म होतो. उकळत्या सरोवरातले कमळ कोणाच्या हाती लागत नाही. कराळी राक्षसी दिसेल तो माणूस खाते. तो मणी, ते कमळ, कराळीच्या डोक्याचा एक केस घेऊन ये. मग मला खोटे म्हण."

"आणते," शाल्मली म्हणाली.

धनेश पुढे, राजकन्या मागे. नागराज वारुळात वेटोळे घालून बसला होता. फण्यावर मणी झळकत होता. तिने हात जोडले. "महाराज, हा मणी मला द्यावा."

नागराजाने फणा तिच्यासमोर झुकवला. "चोरायला पुष्कळ आले, ते भस्म झाले. मागायला कोणी आले नाही. घे, याच्या ओझ्याने मान अवघडली आहे माझी."

मग सरोवर आले. तिने श्वास रोखून पाऊल घातले. पाणी गार होते. तळचा अग्नी कधीच विझला होता आणि काठच्या चिखलात म्हशी डुंबत होत्या. इतक्या वर्षांत कोणी येऊन पाहिलेच नव्हते. तिने कमळ खुडले आणि तिला इतका संताप आला, की पाण्यातच उभी राहून ती मोठ्याने हसली.

कराळीची गुहा मात्र हाडांनी भरलेली होती. इथे पोथी खरी होती. धनेश दाराशीच थांबला. राक्षसीने शाल्मलीला मुठीत उचलले. "तलवार कुठे आहे तुझी?"

"आणली नाही."

"सगळे आणतात. मी माणूस खाते असे कुठेसे लिहिले आहे म्हणे. ते वाचून मारायला येतात, मग मी खाते. तू कशाला आलीस?"

"तुझा एक केस हवा आहे. आणि माझे नाव घेऊन कोणी वाढलेले अन्न खाऊन सहा महिने झाले. भूक लागली आहे."

कराळीने मूठ उघडली. "नाव काय तुझे?"

"शाल्मली."

"शाल्मली, बैस." राक्षसीने कंदमुळे भाजून पुढे ठेवली. राजकन्या खाताना रडली. कराळीने केस उपटून दिला. तो दोरखंडाएवढा जाड होता.

भृंगनाथाने तिन्ही वस्तू हातात घेऊन उलटून पालटून पाहिल्या. "मी लिहिले तेव्हा सरोवर उकळत होते. मी डोळ्यांनी पाहिले होते."

"पाहिले असेल. पण मग इथून उठून पुन्हा बघायला गेला नाहीस. शाप मागे घे."

"तो आता माझ्या हाती नाही. ज्याच्यावर तो चढतो आहे, त्याने भरल्या लोकांत पोथीचा एक शब्द खोटा म्हणावा. म्हणताना दगड गळ्याकडे धावेल. बोलणे पुरे झाले तर शाप तुटेल. अर्धे राहिले, तर पुतळा होईल."

धनेशाने तिला पाठीवर घेतले.

माघी पौर्णिमेची सकाळ होती. बांधावर कुदळी चालल्या होत्या. राजाला पालखीतून खणलेल्या चराच्या काठाशी आणले होते. बांध अजून फुटला नव्हता, म्हणून दगड कमरेपर्यंत चढला होता. शाल्मली चरात उतरली आणि कुदळींपुढे उभी राहिली. खणणारे गोंधळले. जिच्याकडे पाहायचे नाही, तिच्यावर घाव कसा घालायचा?

"खणा!" विरूपाक्ष गरजला. "तिथे कोणी नाही!"

"तर मग घाल तू घाव," ती म्हणाली. प्रधान पुढे आला नाही.

तिने मणी, कमळ आणि केस बांधावर ठेवले. "लोकहो, पोथी जिथे मरण सांगते तिथून मी आले. बाबा, त्या दिवशी मला वाचवायला तुम्ही खोटे बोललात. आज खरे बोला. दगड गळ्यापर्यंत येईल. थांबू नका."

राजाने डोळे उघडले. सहा महिन्यांनी त्याने लेकीकडे पाहिले.

"पोथीत लिहिले आहे, माझी मुलगी मेली." दगड छातीवर चढला. "ते खोटे आहे." दगड गळ्याशी आला, शब्द खरवडत निघू लागले. "ही माझी शाल्मली. ही जि..." हनुवटी दगड झाली. शाल्मलीने बापाचा थंड गाल दोन्ही हातांत धरला. "म्हणा!"

"...जिवंत आहे!"

कडाड्! दगड ढलप्या ढलप्यांनी गळून पडला. राजा चरात कोसळला, आणि दोघे बापलेक मातीत बसून राहिले. खणणाऱ्यांनी कुदळी टाकल्या, घमेली उचलली आणि चर बुजवायला घेतला. खालपेठेच्या वेशी उघडल्या. विरूपाक्षाची प्रधानकी गेली. पेठेतल्या लोकांनी त्याला खालपेठेतच घर दिले, बांधाच्या अगदी खाली.

पोथी जाळावी असे पुष्कळांनी म्हटले. शाल्मली म्हणाली, "नको. आपले पूर्वज कशाला भ्याले ते पोरांना कळू दे." नव्या प्रधानाने विचारले, "मग पुढच्या वर्षीचे काय?"

"पुढचे वर्ष येऊ दे," ती म्हणाली. "समोर जाऊन बघू."

ज्यांचे भविष्य कोणी लिहून ठेवले आहे त्यांनी ही कहाणी ऐकावी, आणि उठून चालू लागावे.