विष काढायचं पाणी

द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात एक आई राहत होती, आणि हंगाम सुरू झाला की तिची झोप उडायची. शेजारी नवरा घोरत असायचा, मुलगी तिच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपलेली असायची, आणि ही आपली छताकडे बघत पडायची. द्राक्षांवर ती पांढरी भुकटी असते ना, ती कसली? फवाऱ्याची? ती पोटात साचत असेल का? साचत असेल तर कुठे?

आई चांगली शिकलेली होती. त्यामुळे घाबरण्यासारख्या गोष्टी तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होत्या. त्यातली कुठली खरी आणि कुठली ऐकीव, हे मात्र तिला सांगता येत नसे.

तिची मुलगी पाच वर्षांची. सगळे तिला बिट्टी म्हणत. बिट्टीला पळायला आवडायचं आणि द्राक्षं आवडायची. जमलं तर दोन्ही एकदम.

"अगं, साध्या पाण्यानं धू आणि दे पोरीला," नवरा म्हणायचा.

"साध्या पाण्यानं विष जातं होय? मग कशाला जग एवढं घाबरतंय?"

यावर नवरा कामाला निघून जायचा. नक्की काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण तिच्याकडे निदान काळजी होती, आणि काळजी करणं म्हणजे काहीतरी करणंच, असं तिला वाटायचं.

गावात एक सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी कमी आणि सल्ले जास्त यायचे. कोणाच्या जावेच्या बहिणीनं सांगितलेलं, कोणाच्या भाच्यानं कुठेतरी वाचलेलं. सल्ला निघाला कुठून ते कोणालाच सांगता यायचं नाही, पण संध्याकाळपर्यंत तो घरोघरी पोचलेला असायचा.

एका सकाळी आईनं तिथं आपली काळजी बोलून दाखवली.

"विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर घाल की पाण्यात," शेजारची काकू म्हणाली. "अख्खी विहीर स्वच्छ होते, तुझी द्राक्षं नाही व्हायची?"

"काहीतरीच! व्हिनेगर घाल," दुसरी म्हणाली. "माझी नणंद शहरात तेच घालते."

आई विचारात पडली. पावडर घातली आणि खरा गुण व्हिनेगरचाच असला तर? व्हिनेगर घातलं आणि ते कमी पडलं तर? तिनं हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, "मी दोन्ही घालते. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या तर वाईट काय होणार आहे?"

"बघा! शिकलेल्या बाईचं डोकं ते," काकू म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आईला फार दिवसांनी आपण शहाण्या असल्यासारखं वाटलं.

घरी येऊन तिनं टबात पाणी घेतलं. त्यात पावडर घातली, व्हिनेगर ओतलं आणि द्राक्षांचे घड अलगद सोडले. थोड्याच वेळात टबातून उग्र वास येऊ लागला. आईच्या नाकात झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले.

"आई, घाण वास येतोय," बिट्टी म्हणाली.

"येणारच. विष निघतंय ना बाळा."

"मला बघायचंय विष."

"बघ. पण हात घालायचा नाही हं."

बिट्टी पाट घेऊन बसली आणि टबाच्या काठावर हनुवटी टेकवून विष निघायची वाट बघू लागली. आई ओट्याशी वळून पोळ्या लाटत होती. तिला बरं वाटत होतं. वास जेवढा वाढत होता, तेवढा तिचा जीव हलका होत होता.

मग बिट्टी खोकली. मग पुन्हा खोकली, आणि खोकतच राहिली.

"तरी सांगत होते, गार वाऱ्यात पळू नकोस," आई म्हणाली. तिनं खिडकी लावली. खिडकीला फट होती, तिच्यात फडका कोंबला.

खोकला ऐकून काकू कुंपणापलीकडून ओरडली, "अगं, गरम पाण्यात कापूर टाक आणि वाफ दे पोरीला! दार लावून घे आधी. वाऱ्याचा एक झोत शिरता कामा नये!"

आईनं दार लावलं. टब तिथेच भिंतीशी होता. द्राक्षं अजून थोडी मुरायला हवी होती. तिनं पातेल्यात कापूर टाकला, बिट्टीला समोर बसवलं आणि तिच्या डोक्यावरून घोंगडी घेतली.

घोंगडीच्या आतून आवाज आला, "आई, दार उघड ना."

"थोडंच राहिलंय राजा. श्वास घे. जोरात घे. अजून जोरात."

बिट्टी शहाणी मुलगी होती. तिनं आईचं ऐकलं.

जेवायला घरी आलेल्या नवऱ्यानं दार ढकललं आणि उंबऱ्यातच नाकाला हात लावला. "कसला वास हा?" त्यानं घोंगडी ओढून काढली. बिट्टीचे ओठ निळसर झाले होते. त्यानं तिला उचललं आणि अंगणात पळाला. आई मागे पळाली, हातावरचं पीठही न झटकता.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बिट्टीच्या तोंडाला प्राणवायूचा मास्क लावला. मग विचारलं, "घरात काही मिसळलं होतं का?"

आईनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर तिला सोसलं असतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो. तो वास विष निघण्याचा नव्हता, विष तयार होण्याचा होता. दार उघडून मुलीला बाहेर न्यायचं, एवढंच करायचं होतं. आणि कापराची वाफ एवढ्या लहान मुलांना देतच नाहीत."

"पण ती द्राक्षांवरची भुकटी?"

"त्यातली बरीचशी द्राक्षाची स्वतःचीच असते हो. फवाऱ्याचं जे काही असेल, ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की बरंचसं जातं."

साध्या पाण्याखाली. आईला नवऱ्याकडे बघवेना.

बिट्टी वाचली. पण पळायला लागली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मग ती उभी राहायची, गुडघ्यांवर हात ठेवायची आणि खेळ पुढे निघून जायचा.

आई नळावर गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं. बायकांनी तोंडाला पदर लावून ऐकलं. मग काकू म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस. आता तुरटी वापर. आणि तिच्या छातीसाठी मी सांगते ते कर..."

"काकू, नको!" आई किंचाळली. "आणि मी तुम्हाला सांगितलं होतं ते कोणी करू नका."

"कोणतं?"

"दोन्ही एकत्र घालायचं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं ते जावेला सांगितलं होतं, दुसरीनं माहेरी कळवलं होतं. "शिकलेल्या बाईनं सांगितलंय," म्हणून लोकांनी विश्वासही ठेवला होता. आई घरोघर हिंडली, शेजारच्या गावीही जाऊन आली. पण ती जिथं पोचे, तिथं तिचा सल्ला तिच्या आधी पोचून पुढे गेलेला असे. एका अनोळखी गल्लीत तिला बंद खिडकीतून तोच वास आला. तिनं दार बडवलं, बडवत राहिली. आतून कोणीतरी म्हणालं, "थांबा जरा, विष निघतंय."

पुढच्या वर्षी पुन्हा द्राक्षं आली. आईनं घरातली सगळी दारं-खिडक्या उघडली, घड वाहत्या पाण्याखाली धरला आणि एकेक मणी बोटांनी चोळत, शेजारी उभ्या असलेल्या बिट्टीला ती सांगू लागली:

तात्पर्य: फळं वाहत्या पाण्यानं चोळून धुवावीत. साफसफाईची औषधं खाण्याच्या वस्तूंना लावू नयेत आणि एकमेकांत कधीच मिसळू नयेत. जीव घुसमटला तर आधी दार उघडून बाहेर पडावं. आणि जे आपल्याला नक्की ठाऊक नाही, ते काळजीपोटीसुद्धा दुसऱ्याला सांगू नये.

बिट्टीनं सगळं नीट ऐकून घेतलं. आईनं पुढे केलेला एक मणी तिनं उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"आई," ती म्हणाली, "हा श्वास धरून खायचा का?"