तांबडी रेघ

"मग नट आवळणार कोण, महाराज? मी नाही तर कोण?"

केवलगिरी महाराज ओसरीवर बसून चिंचेतले चिंचोके काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वरडतोस कशाला? बस की."

शार्दूल इंगवले बसला नाही. सकाळपासून तो उभाच होता. उभं राहून रागावलं की राग जास्त खरा वाटतो, असं काही लोकांना वाटतं.

आता ही मंडळी कोण, ते सांगतो. मी मठाचं स्वयंपाकघर बघतो आणि आठवडाभर यांना जेवू घालून माझ्या नाकी नऊ आले आहेत, त्यामुळे माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा नको.

लोखंडी नळ्या जोडून यांनी एक गाडी बनवली आहे. छप्पर नाही, दारं नाहीत, मागे इंजिन, खाली चार दांडगी चाकं. रस्ता सोडून दगडधोंड्यांतून आणि ओघळींतून पळायचं, हेच तिचं काम. ते तिला बग्गी म्हणतात. महाराज पिंजरा म्हणतात.

पगार कुणालाच नाही. मुबीन शाळेत गणित शिकवतो. ऋजुता दातांची डॉक्टर आहे. बाकीचेही असेच, सुट्टीच्या दिवशी घरच्यांची बोलणी खाऊन येणारे. शार्दूल त्यांचा कप्तान. रविवारी पलीकडच्या तालुक्यात शर्यत होती आणि आमचा माळ तिथल्यासारखाच खडकाळ, म्हणून सरावाला इथे आले. परवानगी महाराजांनी दिली. मला कुणी विचारलं नाही. पिठात धूळ मात्र माझ्या पडते.

आणि आज सकाळी, मठामागच्या उतारावर, चालत्या गाडीचं पुढचं डावं चाक निघालं.

गाडी ऋजुता चालवत होती. पिंजरा दोनदा उलटला. पट्ट्यांनी तिला धरून ठेवलं म्हणून वाचली. मनगट सुजलं, तेवढंच. चाक एकटंच उड्या मारत खाली गेलं आणि आमच्या विहिरीच्या कठड्याला टेकून थांबलं.

मी पळत गेलो तेव्हा शार्दूल ओरडत होता. ऋजुताला काय लागलं, हे त्याने विचारलं, नाही असं नाही. पण दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं ते, "हे चाक कुणी लावलं?"

मुबीन म्हणाला, "मी."

"आवळलं नव्हतंस?"

"लावलं होतं. तू परत आवळतोसच ना!"

त्यावर शार्दूल जे बोलला ते मठात लिहिण्यासारखं नाही.

"तुम्ही न्याय करा, महाराज," शार्दूल ओसरीवर सांगत होता. "आमचा नियम आहे. नट आवळणाऱ्याने त्यावर पांढरी रेघ मारायची. दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि पिवळी रेघ मारायची. नियम मीच केला."

"ब्येस."

"पण माझा जीव राहत नाही. म्हणून मी सगळे नट सोडवतो, परत आवळतो आणि तांबडी रेघ मारतो."

"सगळे?"

"सगळे. आज नेमका आयोजकांचा फोन आला आणि ते एक चाक राहिलं. एक राहिलं आणि तेच निघालं! त्यावर पांढरी रेघ होती, पिवळीही होती. तांबडी तेवढी नव्हती. म्हणजे मी बरोबर आहे की नाही?"

महाराज चिंचोका बाजूला ठेवत म्हणाले, "बरोबरच हाईस."

शार्दूल जरा गडबडला. बरोबर म्हटल्यावर पुढे काय भांडायचं, हे त्याला सुचेना.

"पण ते निघालेत, महाराज. उद्या दुपारी टेम्पो येतोय. सामान भरून घरी जातो म्हणतात. ते नसले तर मला शर्यतीत उभंही करणार नाहीत, गाडीमागे मदतीला माणसं लागतात असा तिथला नियम आहे. दोन वर्षं घातलीत मी यात. नोकरी सोडली. माझं लग्न मोडलं... तुमचं ऐकतील ते. तुम्ही त्यांना थांबायला सांगा."

"आणि थांबल्यावर?"

"थांबल्यावर काय? मीच सगळं आवळणार. स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही."

"मग मर की," महाराज म्हणाले. "पण बाकीच्यास्नी कशाला संगं नेतोस?"

...

महाराज उठले. चिंचेचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं.

"बापू, ह्याला मिठाचा डबा दाव. आज आमटीत मीठ हा घालंल."

मला ते मुळीच आवडलं नाही. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव घेत नाही. जिभेवर थेंबही टेकवायचा नाही. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजाने, आणि एकाच माणसाने. तो अंदाज यायला मला कितीतरी आमट्या बिघडवाव्या लागल्या आहेत.

"किती घालू?" शार्दूलने विचारलं.

"तुझं तू बघ," मी म्हणालो. माझा आवाज आंबट होता.

पण पोराने पातेल्यात वाकून पाहिलं, माणसं किती ते विचारलं, मूठ अर्धी केली, थोडं परत डब्यात टाकलं आणि मग सोडलं. खरं सांगतो, मीही तेवढंच घातलं असतं.

तेवढ्यात महाराज आत आले. त्यांनी डब्यात हात घातला आणि भरली मूठ पातेल्यात रिकामी केली.

"महाराज! मी घातलं होतं."

"घातलं असशील."

"मग?"

"माझा जीव राहत न्हाई."

महाराज निघून गेले. शार्दूल पातेल्याकडे बघत राहिला आणि मी शार्दूलकडे.

नैवेद्य झाला. पंगत बसली. पहिल्या भुरक्याला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मग पाण्याचे तांबे फिरू लागले. ऋजुताने उजव्या हाताने वाटी हळूच दूर सरकवली. मठात ताटात टाकायची पद्धत नाही, म्हणून माझ्यासारख्यांनी डोळे मिटून गिळली.

महाराजांनी आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"कुणी केली रं आमटी?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शार्दूलकडे बोट दाखवलं. का दाखवू नये?

शार्दूल लालबुंद झाला. "मी... माझं बरोबर होतं. नंतर महाराजांनी..."

"मुकाट जेव," महाराज म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्याने मुबीनशी एक शब्द काढला नाही. मुबीननेही नाही. ऋजुता हाताला पट्टी बांधून पायरीवर बसली होती. बोलायची हौस त्या दोघांनी एकेकट्याने तिच्याकडे येऊन भागवली. दोघेही दुसऱ्याबद्दलच बोलत होते. शेवटी ती म्हणाली, "मला दुखतंय. जरा दुसरीकडे जाऊन भांडा." मला ती मुलगी तेव्हापासून आवडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूलने जॅक लावून एकट्याने पिंजरा सरळ केला आणि चाक बसवलं. वाकलेली नळी एकट्यानेच ठोकून सरळ केली. बाकीचे लांबून बघत होते. कुणी उठलं नाही. बोलावल्याशिवाय उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, आणि बोलवायचं नाही असं त्याने.

महाराजांनी त्याला पुन्हा स्वयंपाकघरात पाठवलं.

"आज बी मीठ तूच."

मी डबा पुढे केला आणि भाजी बघायला वळलो. शार्दूल पातेल्याजवळ उभा राहिला. थोड्या वेळाने तो बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

महाराज आत आले. पातेल्यावरून गेले. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. देवघरात गेले आणि घंटा वाजवली.

नैवेद्य झाला. पंगत बसली. टेम्पो मागच्या फाटकाशी येऊन थांबला होता. जेवून निघायचं, म्हणून सगळे भराभर जेवत होते.

पहिला भुरका... आणि पुन्हा सगळे थांबले.

मी चव घेतली. नुसतं चिंचेचं पाणी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या चुलीपुढे घालवली, आणि दोन दिवसांत दोनदा माझ्या स्वयंपाकाची अब्रू गेली.

"मीठ कुठाय?" मी पंगतीतच ओरडलो. "शार्दूल! मीठ घातलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"का म्हणजे काय, बापू?" तोही चिडला. "मी कशाला घालू? महाराज परत घालणारच होते ना!"

...

मुबीनचा घास हातातच राहिला.

ऋजुताने शार्दूलकडे पाहिलं, मग मुबीनकडे. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

शार्दूलचं तोंड उघडंच होतं. स्वतःचं बोलणं आपल्या कानात उशिरा पोचावं, तसा तो बसला होता. मग त्याने मान खाली घातली आणि ती अळणी आमटी भातावर ओतून सगळी संपवली.

महाराजांनी माझ्याकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं, ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवत राहिले. मला वाटलं होतं आता तरी दोन गोष्टी सांगतील. मी चुलीजवळची कामं सोडून ऐकायला बसलो होतो. पण नाही.

जेवणं झाली. सामान टेम्पोत चढू लागलं. जॅक चढला, पेट्रोलचे डबे चढले. पान्यांची पेटी मुबीनने उचलली.

"थांब," शार्दूल म्हणाला.

मुबीन थांबला. पेटी हातातच होती.

शार्दूलने पेटीतून एक पाना घेतला आणि तो पिंजऱ्याजवळ उकिडवा बसला. त्याने फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं आणि एकेका नटावरची तांबडी रेघ पुसू लागला. पुढचं चाक, मागचं, पलीकडची दोन. मग सगळे नट सोडवले. फार वेळ लागला. टेम्पोवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि झोपला.

सगळं पुसून झाल्यावर त्याने हात मुबीनपुढे केला. हातात पाना होता.

"आवळ."

"आणि मग?" मुबीनने विचारलं. त्याच्या आवाजात कालचा राग अजून होता. "मग तू सोडवणार?"

"मग मी गाडीत बसणार. याच उतारावर."

मुबीनने पेटी खाली ठेवली. पाना घेतला. आठवडाभर मी त्याला नट आवळताना बघत होतो, चहा ढवळल्यासारखा आवळायचा. आज त्याने गुडघा जमिनीला टेकला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि प्रत्येक नटावर सगळा जीव टाकला. मग पांढऱ्या रेघा मारल्या.

ऋजुता मागोमाग आली. एका हाताने पाना लावून ती एकेक नट तपासत होती. एका नटापाशी थांबली.

"हा परत."

"आवळलाय की!"

"परत."

मुबीनने परत आवळला. खरंच थोडा फिरला. तिने पिवळी रेघ मारली आणि दोघे बाजूला झाले.

शार्दूल आत बसला. पट्टे आवळले, हेल्मेट चढवलं. समोर तोच उतार, खाली तीच विहीर. टेम्पोत बसलेले सगळे खाली उतरून बघत होते. मीही ओले हात घेऊन बाहेर आलो होतो. महाराज फाटकाशी काठी टेकून उभे होते.

इंजिन सुरू झालं. माळभर आवाज घुमला.

आणि बंद झालं.

शार्दूलने हेल्मेटची काच वर केली. घामाने त्याचा चेहरा भिजला होता. त्याची नजर पुढच्या डाव्या चाकावर होती. ते त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं आणि नटांवरच्या दोन रेघाही दिसत होत्या. पांढरी आणि पिवळी.

"महाराज..."

"काय?"

"एकदाच... उतरून बघू का? एवढं एकच चाक."

मुबीनने मान फिरवली. ऋजुता मात्र सरळ बघत राहिली.

महाराजांनी तोंडावरची धूळ पुसली. आठवडाभर ते चिडलेले मी पाहिले नव्हते. आता ते चिडले होते.

"बघ की," ते म्हणाले.

शार्दूलचा हात पट्ट्याच्या खटक्यावर गेला.

"पण मग परत त्यात बसू नगंस."