करंजखांबची दुपारची देवी

बोहाड्याची, म्हणजे मुखवट्यांच्या जत्रेची, सोंगं एरवी रात्री नाचतात. घाटाखालच्या करंजखांब पाड्यावर मात्र देवीचं सोंग भर दुपारी निघतं, आणि तेही वाजंत्रीशिवाय. मुखवटा पाहाल तर अर्धाच घडवलेला. डावा गाल तुळतुळीत, उजव्या अंगाला नुसते लाकूड तासायच्या वाकसाचे घाव. पाहुण्यांनी विचारलं, की पाड्यावरचे म्हातारे त्यांना सावलीला बसवतात आणि बेंडूची हकिगत सांगतात.

फार मागे, एका वैशाखात सोंगांच्या कोठीला आग लागली आणि देवीचा मुखवटा जळाला. पाठोपाठ पाड्यात पटकी शिरली. भगताने कौल लावला. नवा मुखवटा होऊन देवी नाचेपर्यंत रोग हटायचा नाही. काम बेंडूकडे आलं. पांगाऱ्याच्या लाकडातून बोलता चेहरा काढावा तो त्यानेच, असं पंचक्रोशीत म्हणत.

तेच त्याला नडलं. पहिला मुखवटा अर्धा होतो न होतो तोच त्याच्या मनात आलं, देवी इतकी शांत कशी? ती तर कोपली आहे. त्याने दुसरं लाकूड घेतलं. रागाचे डोळे कोरताना वाटलं, लेकरं मरत असता आई रागावेल की रडेल? म्हणून तिसरं घेतलं. मग म्हातारी देवी सुचली, मग कुमारी. नवा चेहरा डोळ्यांपुढे आला, की हातातला खोटा वाटायचा. पडवीत नऊ अर्धे चेहरे जमले. पाड्यात रोज कुणीतरी जात होतं.

माणसं दारात येऊन हात जोडत. "बेंडूदा, कसाबी दे, पण दे रं."

"कसाबी कसा देऊ? चुकला तर ती आणखी कोपंल," तो म्हणे. बाहेर रडण्याचा आवाज उठला, की वाकस खाली ठेवून तो दाराशी जाई.

मग त्याची सात वर्षांची पवळी आजारी पडली. अंथरुणातून तिने पडवीकडे बोट केलं. "बा, ती पयली चांगली हाय. तिलाच ने."

"जरा थांब, बाय. आणखी एक सुचलंय," असं म्हणून तो कुऱ्हाड घेऊन रानात गेला.

ओंडका खांद्यावर घेऊन परतला, तेव्हा बायको सखरी उंबऱ्यावर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आता कुणासाठी कोरतूस?" तिने विचारलं.

असं सांगतात, की त्या घटकेला नऊंतला एकही चेहरा त्याला खरा वाटला नाही, की खोटा वाटला नाही. त्याने पहिला उचलला, होता तसाच तोंडाला बांधला आणि उन्हात निघाला. सांबळ वाजवायला धडधाकट माणूस उरला नव्हता. तापल्या मातीवर तो अनवाणी, एकटाच नाचला, कोसळेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून पाड्यात कुणी दगावलं नाही म्हणे.

लोक त्याच्या पाया पडायला आले. त्याने पाय मागे घेतले.

"ह्यो मुखवटा तर पयल्याच दिवशी झाला हुता," एवढंच तो बोलला. वाकसाला त्याने पुन्हा हात लावला नाही.

आजही देवी निघते आणि बेंडूचं घर होतं त्या मोकळ्या जागेशी येऊन थांबते. बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या असतात. वाटेत सगळ्यांनी नवस बोललेले असतात. पवळीसाठी देवी जिथून वेळेत निघाली नाही, त्या जागी मात्र तिच्याकडे कुणी काही मागत नाही.