सजणाबाईचे मापटे

भक्तहो, श्रीवेळूनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी सावरदऱ्याला होता. माघाचे दिवस. नदीवरचे धुके दुपार झाली तरी गावातून जायचे नाव घेत नसे, आणि त्या धुक्यात महाराज पारावर डोळे मिटून बसलेले असत.

उत्सवाची लापशी सजणाबाई करीत. दोन्ही डोळे गेलेले, घरी कोणी नाही, वर्षातून एकदा ही सेवा, एवढेच त्यांचे धन. त्यांच्याजवळ एक जुने लाकडी मापटे होते. दलियाचे एक, गुळाचे एक, पाण्याची तीन. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, ही धान्य मापणाऱ्यांची जुनी रीत त्या कधी चुकल्या नाहीत.

त्या वर्षी त्र्यंबकशेट भुसाऱ्यांनी देवाला पितळी तराजू वाहिला. दानासोबत मिजासही आली. मापटे म्हणजे अंदाजपंचे काम, यंदा सारे तोलून घालायचे, असे त्यांनी ठरवले. मापटेभर दलिया तोलला, चाळीस तोळे भरला. मग काय, गुळाचे मापटे चाळीस तोळे, पाण्याचेही चाळीस!

सजणाबाई हळूच म्हणाल्या, “शेटजी, मापटं तेच असलं तरी वजन तेच नसतं. चिरलेला गूळ जड, पाणी त्याहून जड.”

“बाई, डोळ्यांनी दिसत नाही ते हातांना दिसतं होय?” शेटजी हसले. मंडळीही हसली. मोठ्या माणसाबरोबर हसायला पैसा पडत नाही. शेटजींनी मापटे चुलीत टाकले आणि पुढच्या वर्षीपासून आचारी येतील, असे जाहीर केले. सजणाबाईंचा हात रिकाम्या मांडीवर तसाच राहिला. फार वाईट वाटते हो, हे सांगताना.

दुपारी पाचशे पाने मांडली गेली आणि काहिलीत उलथणे हलेना. दलिया कच्चा, पाणी आटलेले, तळ धरू लागलेला. विहीर टेकडीखाली, तिथून पाणी आणून तापवायचे कधी? शेटजींना घाम फुटला.

महाराज पारावरून उठून आले. “माय, मोज,” म्हणाले.

“मापटं नाही, महाराज.”

“ओंजळ आहे ना?”

महाराजांनी कमंडलू तिरपा केला. ओंजळीत कोमट पाणी आले, त्याला नव्या गुळाचा वास होता. “लाभ,” सजणाबाई म्हणाल्या आणि ओंजळ काहिलीत सोडली. उकळी मोडली नाही. दोन, तीन, शंभर, दोनशे. वीतभर कमंडलू, पण रिता होईना. दुपार जागची हलली नाही, धुके काहिलीभोवती येऊन उभे राहिले, आणि पानांवर बसलेल्यांना भूक आठवेना. सजणाबाईंनी हात आवरले तेव्हा लापशी मऊ, मोकळी शिजली होती.

पंगती उठल्यावर महाराजांनी शेटजींना तराजू आणायला लावला. एका पारड्यात वाटीभर दलिया, दुसऱ्यात तसलीच वाटी पाण्याने भरून. पाण्याचे पारडे खाली गेले. शेटजींनी वाट्या बदलून पाहिल्या. पुन्हा पाणीच खाली. आयुष्य तराजूपाशी गेलेला माणूस, मान वर करवेना.

“त्र्यंबका, तराजू खोटा नाही,” महाराज म्हणाले. “पाण्याचं मापटं किती भरतं, हे त्याला विचारायचं राहिलं तुझं.”

चुलीची राख ओढताना मापटे निघाले. अख्खे. कडेलाही धग लागलेली नव्हती. शेटजी ते घेऊन महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सजणाबाईंकडे बोट केले.

शेटजींनी त्या म्हातारीपुढे कपाळ टेकले. “बाई, मला मोजायला शिकवा.”

सजणाबाईंनी चाचपत त्यांचे हात शोधले, मापटे त्यांत ठेवले आणि वरून आपले हात धरले.

“म्हणा, लाभ.”