परक्यांचा सल्ला

आमच्या घरात मोठे दीर केशवभाऊजी म्हणतील ती पूर्व दिशा. पण मोबाईल आल्यापासून तेही स्वतः विचार करत नाहीत, फेसबुकच्या ग्रुपवर विचारतात. म्हैस कोणती घ्यावी, गुडघ्याला काय चोळावं, सगळं तिथंच. आणि दुसऱ्या कुणी काही विचारलं, की पहिलं उत्तर यांचंच.

माझ्या हर्षलाला मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. फॉर्मवर बापाची सही हवी होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. जेवताना भाऊजींनी निकाल सांगितला, "एकशे चाळीस जण म्हणतात, पोरीला लांब धाडू नका. एवढी माणसं खुळी आहेत काय, सुमन?"

आमचे हे मान खाली घालून भाकरी मोडत बसले.

मी चौथीच शिकले, पण मोबाईल मलाही चालवता येतो. भांडी झाल्यावर नाव लपवून त्याच ग्रुपवर लिहिलं, "एका मुलीचे आईबाप धडधाकट आहेत, तरी तिच्या शिक्षणाचं परकी माणसं ठरवतात. बरोबर आहे का?"

सकाळी चहाच्या वेळी मी तो प्रश्न आणि त्याचं पहिलं उत्तर सगळ्यांसमोर वाचलं. "साफ चूक! परक्यांना घरातलं काय कळतं? आईबापांनीच ठरवावं." वर नाव केशवभाऊजींचं.

भाऊजी ताडकन उठले. "अगं, ते मी दुसऱ्या कुणाच्या तरी घराबद्दल लिहिलं!"

"मग त्या एकशे चाळीस जणांनी काय स्वतःच्या घराबद्दल लिहिलं होतं, भाऊजी?"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि पोरीला म्हणाले, "पेन आण."