गरम पाण्याचा आकडा

"मग खोटं कोण बोलतंय, चाचा? काच की पाणी?"

मी ओरडूनच विचारलं. सोलापुरातल्या त्या रंगखान्यात नबीलालचाचांसमोर कोणी आवाज चढवत नाही. टॉवेल रंगवायचं पाणी ॲसिडकडे झुकलंय की सोड्याकडे, हे काचेच्या इलेक्ट्रोडनं मोजायला त्यांनी किती जणांना शिकवलं असेल! माझा थोरला भाऊ मल्लिनाथ त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

दादाचं तेरावं उरकलं आणि मी त्याच्या जागेवर येऊन बसलो. चाचा हो म्हणाले तरच ती जागा माझी.

त्यांनी शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दिलं होतं. गार होतं तेव्हा मीटरवर सात आले. ना ॲसिड, ना सोडा. तेच पाणी त्यांनी तापवायला लावलं. आता साडेसहा, म्हणजे ॲसिडकडे.

"ॲसिड तू टाकलंस?" चाचांनी विचारलं.

"मी कशाला टाकू? काच बिघडली. तापली की ती फसते, तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. त्यासाठी मीटरला बटण दिलंय. फिरवलंस?"

"फिरवलं."

"मग काचेचं काम झालं. बटण काचेला सावरतं. पाण्याला नाही."

मला काही कळेना. मी सोड्याचा चमचा उचलला. सात आले की सुटलो!

चाचांनी माझं मनगट धरलं.

"मल्लूनं पहिल्या दिवशी हेच केलं," ते हसले. "चांगला मूठभर टाकला होता. पाणी निवल्यावर बसला डोक्याला हात लावून."

"दादानं?"

"दादानंच. नंतर मात्र असा तयार झाला की मीच त्याला विचारायचो."

मला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. 

"म्हणजे हे पाणी ॲसिड नाही?"

"नाही."

"साडेसहा असून?"

"तापलेल्या पाण्याचा मध्य तिथंच असतो, बेटा. निवलं की आपोआप सातावर येतं."

मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"चाचा… घरी म्हणतात, सिद्धूचं डोकं फिरलं. काल मामाला ढकललं मी. आईनं वाढलेलं ताट भिरकावलं. मी असा नव्हतो हो…"

चाचांनी दुसऱ्या हातानं पाण्याखालची शेगडी बंद केली.

"मला नाही ठेवलंत तरी चालेल. माझ्यासारख्याला कोण ठेवणार?"

त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला. खुंटीवरचा दादाचा ॲप्रन उतरवला, माझ्या गळ्यात घातला. मागे जाऊन गाठ मारली, सैल झाली म्हणून पुन्हा मारली.

मी इलेक्ट्रोड पाण्यातून काढायला गेलो.

"राहू दे आत," चाचा म्हणाले. "निवेपर्यंत त्याच्यापाशी बस."